वाचकांचे प्रश्न : चालणे, धावणे, वजन उचलणे आणि आपले स्नायू

व्यायाम आणि स्नायू या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांमध्ये एक सूर पुन्हा पुन्हा ऐकू आला : ‘मी नियमित व्यायाम करतो, मग अमुक एक गोष्ट मला का जमत नाही?’ अशा बहुतेक पत्रलेखकांचा व्यायाम कमी पडत नाही. त्यांनी निवडलेला व्यायाम स्नायूकडून एक गोष्ट मागतो आणि त्यांना स्वतःला हवी असते दुसरीच, एवढाच तिढा असतो. येथे स्नायू म्हणजे हाडांना जोडलेले आणि आपल्या इच्छेने हलणारे अस्थिस्नायू, असा अर्थ घ्यावा. प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के आणि स्त्रीच्या वजनाचा त्याहून काहीसा कमी भाग या स्नायूंचा असतो.

प्रश्न : माझे वय ६४ असून मी निवृत्त शिक्षिका आहे. गेली कित्येक वर्षे मी रोज सकाळी पाऊण तास चालते आणि साखर, रक्तदाब सारे आटोक्यात आहे. तरीही अलीकडे जमिनीवर मांडी घालून बसले की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. एसटीची पहिली पायरी चढतानाही दांडी घट्ट धरावी लागते. इतके चालूनही पायांत ताकद का राहिली नाही? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या चालण्याने हृदय, रक्तवाहिन्या आणि साखर यांची उत्तम काळजी घेतली आहे, त्यामुळे ते मुळीच सोडू नका. पण पायांची ताकद टिकवण्याचे काम चालण्याच्या आवाक्यातले नाही आणि त्याचे कारण स्नायूच्या रचनेत आहे.

मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू लाखो तंतूंचा बनलेला असतो. त्यांतील काही तंतू संथ असतात : ते सावकाश आकुंचन पावतात, ऑक्सिजनवर चालतात आणि तासन्‌तास थकत नाहीत. बाकीचे जलद असतात : ते झटक्यात आणि जोरात आकुंचन पावतात, मात्र लवकर दमतात. हे तंतू एकेकटे कामाला लागत नाहीत. मज्जारज्जूतील एक चेतापेशी आपल्या ताब्यातील तंतूंचा पूर्ण गट एकदम हलवते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ एल्वुड हेनेमन यांनी १९६५ साली दाखवून दिले, की या चेतापेशी ठरावीक क्रमाने कामावर येतात. आधी लहान चेतापेशी संथ तंतूंना हलवतात आणि कामाचा भार वाढत गेला तरच मोठ्या चेतापेशी जागृत होऊन जलद तंतूंना कामाला लावतात. सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूला आपल्या कमाल ताकदीचा लहानसा हिस्साच खर्च करावा लागतो. म्हणजे तुमच्या पाऊण तासाच्या फेरीत संथ तंतू भरपूर राबतात, तर जलद तंतूंच्या मोठ्या गटांना फारसे बोलावणेच येत नाही. जमिनीवरून उठताना मात्र गुडघा पूर्ण वाकलेला असतो, जवळजवळ सगळे वजन उचलायचे असते आणि तेही एका दमात. त्या क्षणी लागणारे नेमके तेच तंतू रोजच्या व्यायामात वाट्याला न आलेले असतात.

त्यात वयाची भर पडते. स्वीडनमध्ये यान लेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूपूर्वी निरोगी असलेल्या, १५ ते ८३ या वयांतील ४३ पुरुषांच्या मांडीच्या बाहेरील बाजूचा स्नायू संपूर्ण आडवा कापून त्यातील तंतू मोजले आणि १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्नायूची झीज पंचविशीच्या आसपासच सुरू होते आणि पुढे तिचा वेग वाढत जातो, असे त्यात दिसले. तंतूंची संख्याच घटते, आणि जे उरतात त्यांत जलद तंतू अधिक बारीक होतात. ही झीज पूर्णपणे थांबवता येत नाही, पण उरलेल्या तंतूंना पुन्हा जाड आणि बलवान करता येते, अगदी उतारवयातही. याचा मला ठाऊक असलेला सर्वांत दिलासादायक पुरावा बॉस्टनचा आहे. तेथे मारिया फियाटारोनी यांनी एका वृद्धाश्रमातील दहा जणांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी जड वजनाचा व्यायाम करून घेतला. या दहा जणांचे सरासरी वय ९० होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी, म्हणजे पावणेतीन पटींच्या घरात गेली, मांडीतील स्नायूचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढले आणि दोघांची काठी सुटली.

ताकद इतकी आणि आकार इतकाच, ही तफावत तुमच्या लक्षात आली असेल. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः चेतासंस्थेची कमाई असते. अधिक तंतूंना, अधिक वेगाने आणि एकसाथ संदेश पाठवायला ती शिकते. तंतू जाड होण्याचा वाटा त्यानंतर वाढत जातो. म्हणून तीन आठवड्यांनी मांडीचा घेर मोजून निराश होऊ नये. उठताना हाताचा टेकू किती लागतो, ते पाहावे.

तुम्ही सुरुवात अशी करा. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या, उभ्या राहा आणि मनात तीन अंक मोजत सावकाश बसा. असे आठ ते बारा वेळा, मग दोन मिनिटे विश्रांती, आणि पुन्हा एकदोन फेऱ्या. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरे, पण मध्ये एक दिवस मोकळा हवा. शेवटच्या दोन वेळा उठताना खरोखर जड गेले पाहिजे, कारण जड गेल्याखेरीज जलद तंतूंना बोलावणे जात नाही. बारा वेळा सहज जमू लागले की बैठक थोडी खाली आणा : खुर्चीच्या जागी स्टूल, मग बुटके स्टूल, मग एकावर एक ठेवलेले पाट, आणि हळूहळू पाट कमी करत जमिनीपर्यंत या. ओट्याला धरून टाचा उचलण्याचा व्यायामही जोडीला असू द्या, त्याने पोटऱ्या आणि तोल सुधारतो. गुडघ्यात झिजेचे दुखणे असेल तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती येथेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच, किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगितला आहे. आपल्याकडे पन्नाशीनंतरच्या माणसाला ‘रोज चालत जा’ एवढेच सांगितले जाते आणि शिफारशीचा दुसरा अर्धा भाग बाहेरच राहतो. ज्यांना पुढे घरातल्या घरात पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका आहे, त्यांच्यासाठी तो अर्धा भाग चैनीचा नाही.

प्रश्न : मित्रांबरोबर सिंहगड चढून उतरलो. चढताना धाप लागली, पण त्या दिवशी पाय अजिबात दुखले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मांड्या इतक्या भरून आल्या की जिना उतरणे अशक्य झाले. स्नायूंत लॅक्टिक अॅसिड साचल्याने असे होते, असे जिममधील प्रशिक्षक म्हणतात. ते खरे आहे का, आणि चढ अवघड असताना उतार का भोवला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लॅक्टिक अॅसिडची समजूत फार पसरलेली आहे, पण ती टिकत नाही. जोराच्या व्यायामात तयार झालेले लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक अॅसिडचे शरीरातील रूप, साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते. हृदय, यकृत आणि स्वतः स्नायूसुद्धा ते इंधन म्हणून वापरतात. तुमची वेदना सुरू झाली दुसऱ्या दिवशी, तेव्हा ते साचलेले असण्याचा प्रश्नच नाही. उशिरा येणारे हे दुखणे स्नायूच्या आतील सूक्ष्म इजेमुळे असावे, असे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच मांडले होते, आणि पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंच्या आतील नीटनेटकी आडवी रचना जागोजागी विस्कटलेली प्रत्यक्ष दिसली.

आता चढ आणि उतार यांतील फरक. चढताना मांडीचा स्नायू आखडत, म्हणजे लांबीने कमी होत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, कारण तेव्हा त्याचे काम गुडघा एकदम मुडपू न देता शरीराचे वजन सावकाश खाली सोडण्याचे असते. प्रत्येक पायरीला तो ब्रेक लावतो. अशा ताणल्या जाणाऱ्या आकुंचनात स्नायू अधिक बल पेलू शकतो आणि त्यासाठी ऊर्जा फार कमी लागते. १९५२ साली इंग्लंडमध्ये अॅबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने तेच पेडल उलट फिरताना रोखून धरायचे. दोघांच्या पायांवरचे बल सारखेच, पण रोखून धरणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. उतरताना धाप लागत नाही ती यामुळे. मात्र तेवढेच बल थोड्या तंतूंवर पडते, त्यामुळे त्यांच्यातील सर्वांत कमकुवत जागा ताणून विस्कटतात, मग सूज येते आणि १२ ते २४ तासांनी दुखणे सुरू होऊन दोन-तीन दिवसांत कळसाला पोहोचते.

हे दुखणे आपोआप बरे होते, आणि त्यानंतर स्नायू त्याच प्रकारच्या कामाला अधिक तयार झालेला असतो. एकदा असे दुखून गेल्यावर पुढील काही आठवडे तेच काम केले तर त्रास पुष्कळच कमी होतो. म्हणून राजगड किंवा हरिश्चंद्रगडासारखी मोठी मोहीम ठरली असेल तर आधीचे दोन-तीन आठवडे सोसायटीचा जिना आठवड्यातून दोनदा सावकाश उतरा आणि दर वेळी मजले थोडे वाढवा. वर जाताना लिफ्ट घेतली तरी या कामापुरते चालेल. दुखण्याच्या दिवशी हलके चालल्याने आखडलेपण कमी वाटते, पण ज्या मांड्या भरून आल्या आहेत त्यांना पुन्हा जोराचा व्यायाम देऊ नये. आणि हे अवश्य ध्यानात ठेवा : दुखणे असह्य असेल, स्नायू टणक सुजले असतील आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला असेल, तर वेळ न घालवता रुग्णालयात जावे. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडावर आदळत असल्याची ती खूण आहे.

प्रश्न : मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो आहे. लहानपणापासून तालमीत असल्याने अंगात ताकद आहे, गोळा लांब जातो, पण १६०० मीटर धावताना मागे पडतो. आता तो सकाळी दहा किलोमीटर धावतो आणि लगेच तालमीत जोर-बैठका मारतो. दोन महिन्यांत वेळ थोडी सुधारली, पण गोळा पूर्वीइतका जात नाही, असे तो म्हणतो. धावल्याने ताकद जाते का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या मुलाने जे टिपले आहे ते १९८० साली रॉबर्ट हिक्सन यांनी प्रयोगाने दाखवले होते. त्यांनी तीन गट केले : पहिल्याने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमाचा, आणि तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवड्यांच्या या प्रयोगात तिसऱ्या गटाचा दम दुसऱ्या गटाइतकाच वाढला, पण ताकद सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत वाढून थबकली आणि शेवटी उतरू लागली. फक्त ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद मात्र शेवटपर्यंत वाढत राहिली.

दोन व्यायामांचे स्नायूला मिळणारे संदेशच वेगळे असतात. लांब धावण्याने पेशीतील ऊर्जेचा साठा वारंवार खाली जातो आणि ती उणीव ओळखणारी यंत्रणा पेशीला ऑक्सिजन वापरण्याची सोय वाढवायला लावते. त्यामुळे ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, संख्येने आणि आकाराने वाढतात. तंतूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. जॉन होलोझी यांनी १९६७ साली धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंत श्वसनाशी संबंधित विकरांचे (एन्झाइमांचे) प्रमाण सुमारे दुपटीवर गेल्याचे दाखवले, आणि माणसाच्या दमाविषयीच्या आजच्या समजुतीचा पाया त्या कामाने घातला. जड वजन उचलल्याने याउलट तंतूवर यांत्रिक ताण पडतो, आणि तो ताण ओळखणारी दुसरी यंत्रणा नवी प्रथिने बांधायला सांगते, म्हणजे तंतू जाड होतो. ऊर्जेची उणीव तीव्र असताना प्रथिने बांधण्याचे खर्चिक काम पेशी आखडते घेते. त्यातच थकलेल्या पायांनी मारलेल्या बैठकांत तेवढा जोरही लागत नाही.

पण हिक्सन यांच्या प्रयोगातील भार फार मोठा होता, आठवड्याचे पाच-सहा दिवस दोन्ही व्यायाम. नंतरच्या संशोधनातून असे दिसते, की बेताने केल्यास आकार आणि कमाल ताकद यांचे नुकसान फारसे होत नाही. फटका बसतो तो झटक्यात लावायच्या जोराला, आणि तोही दोन्ही व्यायाम लागोपाठ केल्यास अधिक. गोळाफेक आणि १०० मीटर धावणे हे दोन्ही झटक्याच्या जोराचे खेळ आहेत, तेव्हा मुलाची तक्रार पूर्णपणे पटण्यासारखी आहे.

माझ्या मते त्याने रोजचे दहा किलोमीटर बंद करावेत. १६०० मीटरचे अंतर पाच-सहा मिनिटांचे असते. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस ४०० मीटरच्या जोरकस फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती घेऊन, चार ते सहा वेळा माराव्यात आणि एक दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश धावावे. थोड्या वेळाच्या पण जोराच्या फेऱ्यांनीही तंतुकणिका वाढतात आणि शिवाय जलद तंतू जागते राहतात. ताकदीचे दिवस शक्यतो वेगळे ठेवावेत. ते जमले नाही तर सकाळी ताकद आणि संध्याकाळी धावणे, मध्ये किमान सहा तास आणि पोटभर जेवण. तालमीतील शेकडो जोरांबद्दलही थोडे सांगतो. शेकडो जोर मारल्याने स्नायूचा चिवटपणा वाढतो आणि कुस्तीत तो लागतो, पण गोळ्यासाठी कमी वेळा आणि जास्त भाराने केलेला व्यायाम हवा. पाठीवर जोडीदार घेऊन मारलेल्या पाच-सहा बैठका या कामी शंभर साध्या बैठकांपेक्षा उपयोगी ठरतील. वस्तादांशी बोलून आखणी करावी.

प्रश्न : वजने उचलली तर अंग पुरुषी दिसू लागेल, अशी भीती वाटते. शिवाय घरी जिमसारखी जड वजने नाहीत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ती भीती मनातून काढून टाका. प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण स्त्रीच्या सुमारे १५ पट असते, आणि मोठे, फुगीर स्नायू कमावायला पुरुषांनाही वर्षानुवर्षे राबावे लागते. तुमचे स्नायू बळकट होतील, हाडांनाही ताण मिळून ती टिकतील, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात तेव्हा ही कमाई उपयोगी पडेल.

जड वजने नसणे हीही फार मोठी अडचण नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली तरुणांच्या पायांचे गट पाडून एका गटाला एकदा उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८० टक्के आणि दुसऱ्याला ३० टक्के भाराने दहा आठवडे गुडघ्याचा व्यायाम दिला. दोन्ही गट आता एकदाही जमणार नाही अशा टोकापर्यंत गेले, आणि मांडीचा आकार दोन्हींत सारखाच वाढला. कमाल ताकद जड भाराच्या गटात अधिक वाढली, हा फरक मात्र राहिला. तेव्हा पाण्याच्या बाटल्या किंवा धान्य भरलेली पिशवी चालेल, फक्त अंगाला झेपेल तिथे थांबण्याची सवय सोडून शेवटच्या दोन-तीन वेळा खरेच कष्ट पडतील इथपर्यंत जायला हवे.

प्रश्न : माझे वय ४५, वजन ६१ किलो, दिसायला सडपातळ. तरीही मधुमेह निघाला. वजन कमी करण्यासारखे काही नाही, मग व्यायाम कशासाठी करायचा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : याच प्रश्नाशी पुण्याचे नाव जोडलेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे आणि मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सारख्याच दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे यातून स्वच्छ दिसले. तुमच्या बाबतीतही उणीव बहुधा स्नायूंची असावी.

जेवणानंतर इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातील साखर उचलण्याचे मोठे काम अस्थिस्नायू करतात. साखर आत घेणारी वाहक प्रथिने एरवी तंतूच्या आत दडलेली असतात आणि इन्सुलिनच्या संदेशाने पृष्ठभागावर येतात. मधुमेहात हा संदेश नीट पोहोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की हीच वाहक प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता, दुसऱ्या मार्गाने पृष्ठभागावर येतात, आणि हा मार्ग मधुमेहातही चालू राहतो. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने साखरेची उसळी कमी होते. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनलाही अधिक प्रतिसाद देतात, त्यामुळे लागोपाठ दोन दिवसांहून मोठा खंड पडू देऊ नये. त्याच्या जोडीला वजनाचा व्यायाम करून स्नायूच वाढवले, तर साखर साठवायची जागा वाढते. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे जाणवली तर लगेच साखर खावी.

प्रश्न : रोज बारा सूर्यनमस्कार आणि काही आसने करतो. स्नायूंसाठी एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पुरेसे नाही, पण पाया चांगला आहे. सूर्यनमस्कारात छाती, खांदे आणि दंडाच्या मागच्या बाजूला शरीराचे वजन पेलावे लागते, मांड्यांना थोडे काम मिळते आणि सांधे पूर्ण हालचालीत फिरतात. मात्र भार कायम तोच राहतो. शरीराला तो अंगवळणी पडला की स्नायूला वाढण्याचे कारण उरत नाही. शिवाय त्यात सगळा जोर ढकलण्याचा असतो आणि स्वतःकडे ओढण्याचे काम जवळजवळ नसते, त्यामुळे पाठीचा वरचा भाग आणि दंडाची पुढची बाजू उपाशी राहते. मल्लखांब किंवा दोरीवर चढणारी मुले या बाबतीत नशीबवान म्हणायची. तुम्ही दाराच्या बळकट दांडीला लोंबकळणे किंवा वजनदार पिशवी कमरेतून वाकून पोटाकडे ओढणे यांपैकी काहीतरी जोडा.

आसनांत स्नायू लांबी न बदलता जोर लावतो. त्याने ताकद वाढते, पण ज्या कोनात सांधा स्थिर ठेवला त्याच्या आसपासच ती जास्त वाढते. उत्कटासनात, म्हणजे अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवून, मांड्या थरथरेपर्यंत थांबणे हा चांगलाच व्यायाम आहे, पण कधी थोडे वर, कधी थोडे खाली थांबून कोन बदलत राहा. रक्तदाब असेल तर आसन धरताना श्वास कोंडू नका, कारण कोंडलेल्या श्वासाने दाब क्षणात खूप चढतो.

प्रश्न : वडिलांचे वय ७१ आहे. न्यूमोनियामुळे ते दोन आठवडे रुग्णालयात होते. आधी स्वतः बाजारात जाणारे वडील आता बाथरूमपर्यंत जाताना लटपटतात. नातेवाईक म्हणतात, पूर्ण विश्रांती द्या. आम्ही काय करावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ताप उतरला असेल आणि डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली असेल, तर पूर्ण विश्रांती हा आता चुकीचा सल्ला आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू कमी झाला. तुमच्या वडिलांना आजारही होता, आणि आजारात शरीर स्नायूतील प्रथिने मोडून वापरते, त्यामुळे त्यांची झीज याहूनही अधिक झाली असण्याचा संभव आहे. त्यांचे लटपटणे हे आळसाचे किंवा मन खचल्याचे लक्षण समजू नका.

आजच सुरुवात करता येईल. जेवण अंथरुणावर न देता खुर्चीत बसवून द्या. पलंगाच्या कडेवर बसून एकेक पाय सरळ करून पाच अंक मोजेपर्यंत धरायला लावा. समोर तुम्ही उभे राहून, पलंगाची उंची पुरेशी असेल तर, त्यांना आधाराने पाच वेळा उभे करा, दिवसातून तीनदा. उभे राहिल्यावर चक्कर येते का, हे आधी पाहा. दोन-तीन दिवसांनी वेळा वाढवा, मग आधार कमी करा, मग बैठक खाली आणा. चालणेही सुरू ठेवा, पण ताकद येईल ती या उठण्या-बसण्याने.

आहाराकडे विशेष लक्ष द्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम, आणि आजारातून उठलेल्या वृद्धांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम सुचवतात. आजारपणानंतर आपण मऊ भात आणि वरणाचे पाणी देत राहतो, त्यात प्रथिने फारच थोडी असतात. घट्ट वरण, मुगाचे धिरडे, दही, पनीर आणि चालत असतील तर अंडी, असे प्रत्येक जेवणात थोडे थोडे द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. आठवड्याभरात काहीच फरक दिसला नाही, किंवा एकाच बाजूचा हात-पाय अशक्त वाटला, तर ते केवळ स्नायूंच्या झिजेचे लक्षण नाही. तेव्हा त्यांना पुन्हा तपासून घ्यावे, आणि एकाच बाजूचा अशक्तपणा अचानक आलेला असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.